सोलापूरचं नाव आणि सोलापुरातलं राहणं

कंबरतलाव (धागाकर्ता)

बदली, नोकरी किंवा निवृत्तीनंतरचं घर, कुठल्याही निमित्तानं सोलापूरचा विषय निघाला की तीन वाक्यं ठरलेली असतात. पाणी नाही, ऊन सोसत नाही, पोरं पुण्याला जातात. याच गावाला कधीकाळी लोक पोट भरायला येत होते. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून लिंगायत व्यापारी आले, आजूबाजूच्या तालुक्यांतून शेतमजूर आले. मग नाव नेमकं कशानं गेलं आणि आज राहायला गाव कसं आहे, यावर आकड्यांसकट बोलू. शेंगाचटणी, कडक भाकरी आणि हुरडा या विषयांना इथे बंदी (मोह होईल, माहीत आहे).

सुरुवात जनगणनेपासून.

१९९१: सोलापूर ६.०४ लाख, नाशिक ६.५७ लाख.
२००१: सोलापूर ८.७२ लाख, नाशिक १०.७७ लाख.
२०११: सोलापूर ९.५१ लाख, नाशिक १४.८६ लाख.

१९९१ला दोन्ही गावं जवळजवळ बरोबरीची होती. २००१च्या आकड्यात सोलापूर फुगलेलं दिसतं, पण ती मुख्यतः हद्दवाढ आहे. ५ मे १९९२ला आसपासची गावं महापालिकेत आली आणि क्षेत्रफळ सुमारे ३३ चौरस किमीवरून १७८ चौरस किमीवर गेलं. खरं चित्र पुढच्या दशकात दिसतं, कारण त्यात हद्द हलली नाही. वाढ फक्त ९ टक्के. त्या काळात राज्यात जन्मदर आणि मृत्युदर यांतला फरकच वर्षाला हजारी ११च्या आसपास होता, म्हणजे कोणी आलं नाही आणि कोणी गेलं नाही तरी दहा वर्षांत ११-१२ टक्के वाढ व्हायला हवी होती. गाव त्याच्याही खाली राहिलं. जाणारे येणाऱ्यांपेक्षा जास्त होते, हा त्याचा सरळ अर्थ.

---

पूर्वभागी

आकडे बरोबर, अर्थ अर्धाच बरोबर. त्या नऊ टक्क्यांतून कुंभारी वगळली गेली आहे.

गोदूताई परुळेकर वसाहत, १०,००० घरं, विडी कामगार बायकांची, २००६मध्ये ताब्यात दिली. ती आहे कुंभारीत, दक्षिण सोलापूर तालुक्यात, महापालिका हद्दीच्या बाहेर. पूर्व भागातल्या दहा बाय दहाच्या खोल्यांतून उठून जे तिकडे गेले ते गाव सोडून गेले नाहीत. बाजार, दवाखाना, कारखाना सगळं सोलापुरातच. जनगणनेत मात्र ते शहराबाहेर मोजले गेले. घरटी पाच माणसं धरली तर ५० हजार होतात. ते परत मिळवा, म्हणजे वाढ ९ची पावणेपंधरा टक्के होते.

पुढच्या जनगणनेत हा घोळ आणखी वाढणार. त्याच बाजूला रे नगर, ३०,००० घरांची योजना. पहिली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ला दिली. दोन्हींच्या मागे माकपचे नेते नरसय्या आडम मास्तर यांची चळवळ आहे, हे राजकारण बाजूला ठेवून नोंदवतो.

---

कंबरतलाव

कुंभारीचा मुद्दा मान्य, माझ्याकडून सुटला होता. पण सगळी घरं भरलेली धरली तरी पावणेपंधरा. त्याच दशकात महाराष्ट्राची शहरी लोकसंख्या साडेतेवीस टक्क्यांहून जास्त वाढली. ओहोटी लहान झाली, थांबली नाही.

---

वहीफणी

माझा मुद्दा गिरण्यांचा. "गिरण्या बंद पडल्या आणि गाव बसलं" हे वाक्य सगळे म्हणतात, पण नेमकं काय बसलं ते सांगत नाहीत. जुनी मिल १८७०च्या दशकातली, ती साठच्या दशकातच गेली. लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी विसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास बंद पडल्या. त्याच काळात यंत्रमाग वाढत होते, म्हणजे कापड बंद पडलं नव्हतं. बंद पडला तो महिन्याच्या ठरलेल्या तारखेचा पगार. गिरणीत पाळी होती, भोंगा होता, प्रॉव्हिडंट फंड होता, ईएसआयचा दवाखाना होता. पगाराच्या तारखेवर किराणावाला उधारी द्यायचा, सोसायटी कर्ज द्यायची, पोराची फी भरली जायची. यंत्रमागात मजुरी नगावर. वीज गेली, सूत महागलं, मालकाची ऑर्डर थांबली की मजुरी शून्य. मागवाला, कांडीवाली, वहीफणी भरणारा (मागात ताण्याचे धागे ओवणारा), शिलाईवाली, सगळ्यांचं तसंच.

विडीचा हिशेब त्याहून कडक. हजार विडीवर मजुरी. पानं आणि तंबाखू कारखाना मोजून देणार, पान खराब निघालं तर घट बाईच्या अंगावर, तपासणीत नापास झालेली विडी मजुरीतून वजा. हजाराचा दिवस भरायला घरातल्या मुलीही पानं कापायला बसायच्या. म्हणून या गावात बायका हजारोंनी कमावत्या असूनही घराला पत नव्हती. बँकेला पगाराची चिठ्ठी लागते. वरच्या दोन वसाहतींचं महत्त्व त्यासाठी आहे: बाईच्या नावावर घर झालं.

आता चादर. चादरीला आणि टर्किश टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळून बरीच वर्षं झाली, तरी चादर का मागे पडली? कारण जकार्ड, म्हणजे मागावर नक्षी विणणारं यंत्र. नक्षी पंचकार्डांच्या माळेत असते. एक नवी नक्षी म्हणजे नवी माळ कापायची, मागावर चढवायची, जुळवेपर्यंत माग उभा. छोटा कारखानदार तो खर्च टाळतो आणि तीच मोरांची, फुलांची नक्षी वीस वर्षं चालवतो. इलेक्ट्रॉनिक जकार्ड घेतलं तर नक्षी फाईलीतून बदलते, पण ते घ्यायला पत हवी, जी वर म्हटलं तशी नाही. तिकडे पॉलिस्टरच्या मऊ ब्लँकेटांनी बाजार खाल्ला. टॉवेलचं बरं झालं कारण त्याची बाहेरदेशी मागणी नक्षीवर अवलंबून नाही. टॉवेलच्या मागाला दोन बीम (ताणा गुंडाळलेले रूळ) असतात, एक जमिनीचा, म्हणजे पायाच्या कापडाचा ताणा आणि एक सैल सोडलेला, ज्याचे वेटोळे वर येतात. वजन आणि वेटोळ्याची उंची जमली की माल पास.

---

नाशिककर_बाहेरून

जाता जाता प्रश्न. सोलापुरी म्हणून मिळणारी चादर खरी कशी ओळखायची?

---

वहीफणी

एकाच खुणेवर विसंबू नका. एक, उलटी करा. खऱ्या जकार्ड चादरीत तीच नक्षी मागे रंग उलटून दिसते. छापील असेल तर मागची बाजू फिकी. दोन, दशीतून उभा एक आणि आडवा एक असे दोन्ही धागे ओढा आणि जाळा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास आणि बोटानं चुरडणारी राख. पॉलिस्टर असेल तर कडक काळा मणी. बरेचदा उभा सुती आणि आडवा मिसळ निघतो, म्हणून दोन्ही जाळायचे. तीन, पहिल्या धुण्याला एकटी भिजवा. थोडा रंग सोडणं हा दोष नाही.

---

टाकळी_पंप

आता खऱ्या दुखण्याकडे. "सोलापूरला पाणी नाही" हे वाक्य चूक आहे. पाणी आहे, ते नळाला रोज येत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की उपाय चुकतो.

स्रोत तीन. उजनीतून थेट नळ, तो पाकणीच्या शुद्धीकरण केंद्रात येतो. भीमेवर औज आणि चिंचपूर बंधारे, तिथलं पाणी टाकळीला उपसून सोरेगावच्या केंद्रात. तिसरा हिप्परग्याचा एकरूख तलाव, इंग्रजी अमदानीतला, त्याचं पाणी भवानी पेठेतल्या केंद्रात. तिसऱ्याचा वाटा लहान आणि पावसावर.

गोम दुसऱ्यात आहे. औज बंधारा भरायचा तर उजनीतून नदीत पाणी सोडायचं. ते दोनशेहून जास्त किलोमीटर वाळूतून आणि खड्ड्यांतून येतं, पोचायला आठ-दहा दिवस. एका वेळी साधारण पाच टीएमसी सोडावे लागतात. आता हिशेब करा. माणशी १३५ लिटर, दहा लाख माणसं, रोजचे साडेतेरा कोटी लिटर. गळती धरून १८ कोटी म्हणू. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. भागाकार केला तर १५७ दिवस. एका टीएमसीत गाव पाच महिने पाणी पिऊ शकतं. पाच टीएमसीत दोन वर्षं. नदीतून आलेलं पाणी मात्र बंधाऱ्यात महिना-दोन महिने टिकतं. बाकीचं नदीनं प्यायलं, उन्हानं प्यायलं, काठच्या मोटारींनी उचललं.

उजनी स्वतः विचित्र धरण आहे. एकूण ११७ टीएमसी, त्यातलं साडेत्रेसष्ट मृतसाठा, उपयुक्त साडेत्रेपन्न. म्हणून तिकडे "उणे ४० टक्के", "उणे ५० टक्के" अशी भाषा चालते. बाहेरच्या माणसाला वाटतं धरण आटलं. उणे ५० टक्के असतानाही धरणात ३५ टीएमसीच्या वर पाणी असतं, फक्त दारातून आणि कालव्यात येत नाही, पंप खाली उतरवून उपसावं लागतं. तिबार-चौबार पंपिंग म्हणतात ते हेच. दर टप्प्याला वीज, दर टप्प्याला बिघाडाची शक्यता. पंप बंद पडला की गावाचं वेळापत्रक एक दिवस पुढे सरकतं आणि ते परत मागे येत नाही.

म्हणून समांतर जलवाहिनी: ११० किमी, १७० एमएलडी (रोज १७ कोटी लिटर). कित्येक वर्षं रखडली. नळानं पाणी आणलं की नदीत सोडायची गरज उरत नाही, निदान गावासाठी.

---

भीमाकाठ

टाकळी_पंप, हिशेब छान पण एकतर्फी. नदीत सोडलेलं पाणी "वाया" जात नाही. पंढरपूर, मंगळवेढा आणि नदीकाठच्या कितीतरी गावांच्या पाणीयोजना त्याच पाण्यावर आहेत. शहराच्या नावानं सोडलेल्या पाण्यावर काठचा ऊसही उभा राहतो, तेही खरं. समांतर वाहिनीनंतर शहराच्या नावाचं पाणी नदीत येणार नाही, मग आमच्या बाजूचा ओरडा सुरू होईल. हे आतापासून लिहून ठेवा.

---

टाकळी_पंप

हे मान्य, आणि "वाया" शब्द मागे घेतो. शहराच्या खात्यावर लिहिलेलं, पण शहरानं न प्यायलेलं पाणी, असं म्हणू.

आणि एक गैरसमज आधीच काढून टाकतो. नळ ११० किमीवरून आला म्हणून रोज पाणी येईल असं नाही. १९९२ला क्षेत्रफळ पाचपटीनं वाढलं, पण जाळं त्या मापानं वाढलं नाही. हद्दवाढ भागात जुनी ग्रामपंचायतीची बारीक लाईन पुढे पुढे ओढत नेली आहे. टाकी लहान, लाईन लांब, शेवटच्या घरी दाब नाही. मग तो मोटार लावतो. त्यानं लावली की शेजारी लावतो. आठवी मोटार लागेपर्यंत लाईनीत पाणी कमी आणि ओढ जास्त. लाईन पाच दिवस रिकामी असते, तेव्हा गटाराकाठच्या सांध्यांतून घाण आत झिरपते. मोटार तीच पहिल्यांदा ओढते. "पाणी सुटल्यावर पहिली दहा मिनिटं घाण येतं" यामागचं कारण हेच. शुद्धीकरण केंद्राची त्यात चूक नसते.

पाच दिवसांआड पाणी दिल्यानं पाणी वाचतं, हाही भ्रम. नवं पाणी सुटलं की बायका जुनं "शिळं" म्हणून ओततात आणि सगळी भांडी नव्यानं भरतात.

---

सात_रस्ता

काय की बे, पाण्यावर इतकं लिहिलं आणि चिमणीचं कुणीच लिहिना? सोलापूरचं नाव टीव्हीवर आलं ते चिमणीमुळं!

---

कंबरतलाव

थोडक्यात लिहितो, नाहीतर धागा तिकडेच जाईल. होटगी रस्त्याच्या विमानतळाजवळच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी उड्डाणमार्गात येते म्हणून १५ जून २०२३ला पाडली. गोव्याचं विमान ९ जून २०२५ला सुरू झालं, म्हणजे पुढे दोन वर्षं गेली. बोरामणीचा मोठा विमानतळ वेगळाच विषय, तिथे वनजमीन आणि माळढोक आडवे आहेत. नोकरी देणाऱ्याला विमान लागतं हे खरं, पण आठवड्यातून पाच दिवस पुण्याला जाणाऱ्याला हुतात्मा एक्स्प्रेस आणि चौपदरी रस्ता लागतो, आणि ते आहेत. माझ्या मते चांगल्या रस्त्यामुळं गाव सोडून जाणं जितकं सोपं झालं तितकं इथे येणं झालं नाही.

---

नाशिककर_बाहेरून

मग सुरतेचं कसं जमलं? १९९४ला प्लेग, लाखो लोक पळाले. १९९६ला देशातलं दुसरं स्वच्छ शहर. दोन वर्षांत नाव पालटलं. सोलापूर तर २०१६च्या पहिल्याच वीस स्मार्ट शहरांच्या यादीत होतं.

---

पूर्वभागी

सुरतेत एस. आर. राव आयुक्त म्हणून १९९५च्या मे महिन्यात आले. त्यांनी जी गोष्ट केली ती कंटाळवाणी होती: सहा झोन, प्रत्येक झोनच्या प्रमुखाला खर्चाचा अधिकार, रोज कार्यालयाबाहेर फिरणं सक्तीचं. कचरा उचलला की नाही हे फाईलवर न विचारता गल्लीत जाऊन बघायचं. आणि हे विसरू नका की सुरतेकडे हिरे आणि कापड दोन्ही होतं. कर वसूल होत होता. गाव पळालं ते रोगाला भिऊन, रोजगार नाही म्हणून नाही. म्हणून परतही आलं.

आपल्याकडे स्मार्ट सिटीचा मोठा पैसा निवडलेल्या मधल्या भागात गेला. रंगभवन चौक चकचकीत झाला, छान आहे, संध्याकाळी लोक बसतात. पण ज्याच्या घरी पाचव्या दिवशी रात्री अडीचला पाणी येतं त्याच्या लेखी शहर बदललं नाही. शिवाय क्रम चुकला. आधी रस्ता, मग ड्रेनेज, मग केबल. प्रत्येकानं तोच रस्ता उकरला. खणलेला चर थराथरानं दाबून भरला नाही की पहिल्या पावसात खचतो आणि वर पेव्हर ब्लॉक असेल तर लाट तयार होते.

---

लातूरपॅटर्न

नाव जायला किती कमी वेळ लागतो त्याचं उदाहरण आमचं. लातूर म्हटलं की बारावीचा निकाल आठवायचा. एप्रिल २०१६ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली आणि देशभर तीच ओळख झाली. ५० वाघिणींच्या गाडीत २५ लाख लिटर. २०११च्या लोकसंख्येला भागा, माणशी साडेसहा लिटर. गावची तहान त्यानं भागली नव्हती, टँकर आणि बोअरनं भागली. फोटो मात्र रेल्वेचा राहिला.

---

घरघेणारा_४१३

हे सगळं वाचून थेट विचारतो. आई-वडिलांसाठी हद्दवाढ भागात घर बघायचंय. पाच माणसांचं घर. काय काय तपासायचं?

---

टाकळी_पंप

पाण्याचं मी सांगतो, कागदांचं दुसरं कोणी सांगा.

एजंटला विचारू नका. गल्लीतल्या तीन घरी विचारा, त्यातलं एक गल्लीच्या शेवटचं हवं. प्रश्न चार: किती दिवसांआड येतं, किती वाजता, किती मिनिटं, मोटारीशिवाय जमिनीवरच्या हौदात चढतं का. चौथ्याचं उत्तर "नाही" असेल तर किंमत पाडून मागा. कुठल्या टाकीवरून लाईन येते तेही विचारा. चावीवाल्याला नक्की माहीत असतं.

साठा: पाच माणसं गुणिले १३५ म्हणजे रोज ६७५ लिटर. पाच दिवसांचे ३,३७५. एक दिवस पुढे ढकललं जातंच, म्हणून चार हजार धरा. जमिनीतला हौद २ मीटर लांब, दीड रुंद, दीड खोल; वरचे सहा इंच रिकामे सोडून चार हजार बसतात. गच्चीवर हजार लिटरची टाकी पुरे. तिचं भरल्यावर वजन एक टन, त्यामुळे ती तुळईवर ठेवा, स्लॅबच्या मध्यावर नको. हौदाचा तळ एका कोपऱ्याकडे उतरता ठेवा, नाहीतर गाळ काढता येत नाही. ड्रेनेजच्या चेंबरपासून जितका लांब तितका बरा. झाकणाला बाहेरून कडा हवी, रस्त्याचं पाणी आत यायला नको.

बोअर असेल तर पाणी तपासून घ्या. विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत उत्तम, दुसरा पर्याय नसेल तर २,००० ही शेवटची हद्द. दोन हजाराच्या पाण्यानं गिझरची कॉईल फार टिकत नाही. आरओ लावलं तर एक लिटर गाळायला दोन-तीन लिटर बाहेर जातं. ते गटारात न सोडता बादलीत धरा, फरशीला चालतं.

---

सातबारा_उतारा

कागद. हद्दवाढ भागात सर्वांत जास्त फसगत गुंठेवारीत. शेतजमिनीचे गुंठे पाडून स्टँपवर किंवा सामाईक सातबाऱ्यावर विकलेले. पाहायचं ते असं: सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा मिळकत पत्रिकेचा उतारा, बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि त्यात तुमच्या प्लॉटचा नंबर, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र, दुय्यम निबंधकाकडचा ३० वर्षांचा शोध. महापालिकेची कर पावती हा मालकीचा पुरावा नाही, ती कुणाच्याही नावानं निघते.

गुंठेवारी असेल तर २००१च्या कायद्याखाली नियमित झाली आहे का बघा. २०२१च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या प्लॉटना संधी मिळाली. "नियमित होणार आहे" म्हणजे झालेली नाही. तो खर्च विकणाऱ्यानं भरायचा, नाहीतर किमतीतून वजा. रेखांकनात रस्ता नऊ मीटर आणि जागेवर पाच असेल तर पुढे ड्रेनेजची लाईन टाकताना कुंपण तुमचंच तुटणार. टेप घेऊन जा.

---

सात_रस्ता

आणि मे महिन्यात दुपारी तीनला घर बघायला जा मालक. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला येऊन घर घेतलं की फसलं.

---

पूर्वभागी

सात_रस्ताचं हसण्यावारी नेऊ नका. पश्चिमेची भिंत एकेरी विटेची असेल तर रात्री अकरापर्यंत ती तापलेली राहते. वरच्या मजल्याचं घर असेल तर स्लॅबला पांढरा लेप आहे का पाहा.

---

घरघेणारा_४१३

सर्वांचे आभार. शेवटचं: पाच दिवस साठवलेल्या पाण्यात डास होणार नाहीत का? वडिलांना आधी एकदा डेंग्यू होऊन गेलाय.

---

टाकळी_पंप

होतात, पण पाच दिवसांच्या साठ्यामुळे नाही. अंड्यापासून डास व्हायला आपल्या उन्हाळ्यात सात-दहा दिवस लागतात. होतात ते पिंप पूर्ण रिकामं न करता वरून भरत राहिल्यानं. अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेघेच्या जरा वर पिंपाच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडून महिनोन्महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून टाकलं तर ती तिथेच राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा, पाणी सुटायच्या आदल्या दिवशी, पिंप रिकामं करून आतून काथ्यानं किंवा ब्रशनं कडेपर्यंत घासायचं आणि मग उन्हात पालथं घालायचं. हौद दर वेळी घासणं शक्य नाही, त्याच्या झाकणाची फट बंद करा आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी बांधा. ती जाळी लोक विसरतात. कुलरची टाकी आणि फ्रिजच्या मागचा ट्रेही.

पिण्याचं पाणी वेगळं काढताना पहिली दहा मिनिटं सोडून मग भरा, झाकून ठेवा. तिसऱ्या दिवसापासून उकळा, कारण क्लोरिन तोवर उडालेला असतो.